दर्शनी दार आणि आतले कुलूप

(बिलासपूर येथे गणेशोत्सवात कॉलनीतील मंडळींसमोर केलेले भाषण)



आरती आणि महाप्रसाद यांच्या मधला तासभर भाषणाला द्यायचा, ही आपली जुनी प्रथा. वक्त्याच्या दृष्टीने ही फार सोयीची वेळ आहे. पुढे जेवण असल्यामुळे श्रोते उठून जात नाहीत. आतापर्यंत या वेळेत आपण संतवाङ्मय ऐकले, मधुमेह ऐकला, आयकरही ऐकला. मी यातला कशाचाच जाणकार नाही. मी रेल्वेच्या सिग्नल विभागातला डिप्लोमावाला इंजिनीयर. डिप्लोमा करून नोकरीला लागलो त्याला वीस वर्षे होऊन गेली. एवढ्या वर्षांत एकाच गोष्टीशी रोजचा संबंध आला, ती म्हणजे कुलूप. पॉइंटला कुलूप, गेटला कुलूप, पॅनेलला किल्ली, रिले रूमला तर दोन-दोन कुलपे. तेव्हा मंडळाने ‘काहीतरी उपयोगाचे बोला’ असे सांगितल्यावर मी विषय घेतला आपल्या सगळ्यांच्या खिशातल्या कुलपाचा.

कॉलनीत मला लोक दोन कामांसाठी फोन दाखवायला आणतात. पहिले काम असे: ‘आईला हा नवा फोन समजत नाही, जरा सोपा करून द्या.’ दुसरे काम असे: ‘व्हॉट्सअ‍ॅपला, फोटोंना, पैशाच्या अ‍ॅपला कुलूप लावून द्या.’ दोन्हीसाठी माणसे प्ले स्टोअरमध्ये जातात, शोधतात, आणि ज्याला तारे जास्त ते उतरवून घेतात. पहिल्या कामासाठी जे मिळते त्याला ‘लाँचर’ म्हणतात, दुसऱ्यासाठी मिळते ते ‘अ‍ॅप लॉक’. वरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्ही बाहेरची अ‍ॅप, दोन्ही फुकट, दोन्ही फोनचे रूप बदलणारी. पण आतून या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले बिनधास्त करून बघण्यासारखे आहे. दुसरे करण्याआधी दहा वेळा विचार करावा असे आहे. का, ते आज सांगतो.

आधी लाँचरचे बघू. फोनचे होम बटण दाबल्यावर जे पान समोर येते, ज्यावर घड्याळ, चित्रे आणि अ‍ॅपची चिन्हे असतात, तो म्हणजेच फोन अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अँड्रॉइड फोनवर ते पान हेही एक अ‍ॅपच असते. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला, आणि ही सोय त्याच्या रचनेतच आहे: होमचे बटण दाबले की यंत्रणा विचारते, दर्शनी पान दाखवण्याचे काम कोणाकडे? ज्या अ‍ॅपला आपण ते काम दिले असेल ते पुढे येते. कंपनीने आपले एक अ‍ॅप बसवून दिलेले असते, इतकेच. ते बाजूला ठेवून दुसरे नेमता येते. सेटिंगमध्ये अ‍ॅप, तिथे ‘डीफॉल्ट अ‍ॅप’, तिथे ‘होम अ‍ॅप’ असा रस्ता आहे. नाव प्रत्येक फोनवर थोडे वेगळे असेल.

आमच्या भाषेत सांगायचे तर ही स्टेशनची इमारत आहे. इमारतीला नवा रंग दिला, पाट्या मोठ्या केल्या, चौकशीची खिडकी पुढे आणली, तरी रूळ तेच आणि सिग्नल तेच. लाँचर बदलल्याने तुमचे फोटो, तुमचे संदेश, तुमचे नंबर यांना धक्का लागत नाही. नाही आवडले तर काढून टाका, जुने पान परत येते. फोनमध्ये इतके सहज उलटे फिरवता येणारे बदल फार थोडे आहेत.

याचा शौकही मोठा आहे. २०११ साली आलेला नोव्हा लाँचर तर या छंदाचा अनेक वर्षे राजाच होता. चिन्हांचा आकार, रांगा, रंग, बोट वर सरकवले तर काय व्हावे, खाली सरकवले तर काय व्हावे, सगळे आपल्या मनासारखे. मायक्रोसॉफ्टचाही एक लाँचर आहे, तो २०१५ मध्ये अ‍ॅरो या नावाने सुरू झाला होता. नायगरा नावाचा आहे, त्यात चिन्हांची गर्दी नसून एका खाली एक नावांची यादी असते. काही लाँचर तर केवळ काळ्या पानावर पाच-सहा नावे दाखवतात, चित्र नाही की रंग नाही. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी हा शेवटचा प्रकार आवर्जून सुचवतो. चमचमती चिन्हे समोर नसली की बोट आपोआप तिकडे वळत नाही, आणि ट्रॅकवर काम करणाऱ्या माणसाचे लक्ष फोनमध्ये किती असावे, हे मी इथे सांगायची गरज नाही.

पण लाँचरचा खरा उपयोग शौकिनांना नाही. तो आपल्या आईवडिलांना आहे. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचे आईवडील नाहीतर सासू-सासरे लांब आहेत. कोणाचे नागपूरला, कोणाचे अमरावतीकडे, कोणाचे कोकणात. माझी आई भुसावळला असते. तिचा फोन यायचा, ‘अरे, माझं व्हॉट्सअ‍ॅप हरवलं!’ हरवलेले काही नसायचे. बोट जरा जास्त वेळ दाबून राहिले, चिन्ह सरकले आणि पानावरून गेले. अ‍ॅप आत जागच्या जागी असते, पण तिच्या दृष्टीने ते गेलेच. आता बिलासपुरात बसून भुसावळच्या माणसाला ‘वर सरकव, आता शोध, आता दाबून धर’ हे सांगून बघा. दोघांचाही पारा चढतो, आणि शेवटी ‘जाऊ दे, तू आलास की बघू’ यावर फोन बंद होतो. मधल्या दोन महिन्यांत नातवाचे फोटो तिला दिसत नाहीत.

गीतांजलीने गेलो तेव्हा तिच्याशेजारी बसून तिलाच विचारत पान लावले. वरच्या बाजूला मोठे घड्याळ आणि तारीख. त्याखाली तीन माणसांचे फोटो, फोटोला बोट लावले की थेट फोन लागतो. खाली फोन, व्हॉट्सअ‍ॅप, कॅमेरा आणि बॅटरी, म्हणजे टॉर्च. बस. फोनची भाषा मराठी केली, अक्षर मोठे केले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पान गोठवले. चांगल्या लाँचरमध्ये ‘रचना कुलूपबंद करा’ अशा अर्थाची सोय असते. ती चालू केली की बोट कितीही वेळ दाबले तरी चिन्ह हलत नाही. त्यानंतर ‘हरवलं’ हा फोन आलेला नाही.

यात तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, बाहेरचे काही उतरवण्याआधी फोनमध्येच काय आहे ते बघा. सॅमसंगमध्ये ‘ईझी मोड’ आहे. आयफोनवर दर्शनी पानाचे अ‍ॅप बदलता येत नाही, पण २०२३ च्या सतराव्या आवृत्तीपासून मोठ्या चिन्हांची ‘असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस’ ही सोय त्यात आहे. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. दुसरे, एकदा लावलेले पान उगाच बदलू नका. म्हाताऱ्या माणसाला चिन्ह ओळखता येते त्याहून जास्त त्याची जागा ओळखता येते, घरातल्या डब्यांसारखी. तिसरे, लाँचर नवा बसवला की काही फोनवर बोटाने मागे जाणे, अ‍ॅप बदलणे या क्रिया अडखळतात. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत या क्रिया कंपनीच्या स्वतःच्या लाँचरशी बांधलेल्या आहेत, म्हणून असे होते. तसे झाले तर खाली तीन बटणांची जुनी पद्धत चालू करावी. वडीलधाऱ्यांना तीच बरी पडते.

आणि एक सावधगिरी. लाँचरला दर्शनी पान दाखवण्यासाठी फारशा परवानग्या लागत नाहीत. फोटोवरून थेट फोन लावायचा तर संपर्क आणि फोनची परवानगी, ठीक आहे. पण काही लाँचर ‘सूचना वाचण्याची’ परवानगी मागतात, चिन्हावर लाल ठिपका दाखवायला. ही परवानगी दिली की येणाऱ्या सूचना त्याला वाचता येतात, आणि बँकेचा ओटीपी हीदेखील एक सूचनाच असते. ठिपक्यासाठी एवढी किंमत द्यायची का, ते आपले आपण ठरवावे. मी देत नाही.

शिवाय आज चांगले असलेले अ‍ॅप उद्या कोणाच्या हाती जाईल, हेही बघावे लागते. मघाशी नाव घेतलेला नोव्हा लाँचर २०२२ मध्ये ब्रांच नावाच्या कंपनीने विकत घेतला, आणि २०२५ मध्ये तो ज्याने लिहिला तो मूळ लेखकच बाहेर पडला. आपल्या देशात २०२० साली जून महिन्यात सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. टिकटॉकमुळे ती बंदी सर्वांच्या लक्षात आहे, पण त्याच यादीत क्यूक्यू लाँचर होता आणि फोटो लपवणारे व्हॉल्ट-हाइड होते. सप्टेंबरच्या ११८ अ‍ॅपच्या यादीत एपस लाँचर होता आणि अ‍ॅपलॉकही होते. म्हणजे ज्यांना आपण पानाची शोभा आणि घराचे कुलूप म्हणून आत घेतले, त्यांच्याबद्दलच देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला.

आता कुलपाकडे वळतो.

बाहेरून उतरवलेले अ‍ॅप लॉक नेमके काय करते? आपली कल्पना अशी की ते व्हॉट्सअ‍ॅपच्या दाराला कुलूप लावते. तसे ते करू शकत नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपची खोली वेगळी असते आणि एकाला दुसऱ्याच्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. मग दुसऱ्याच्या दाराला कुलूप तरी कसे लावणार? म्हणून अ‍ॅप लॉक एक युक्ती करते. ते व्हरांड्यात उभे राहून पाहत राहते, आता कोणते अ‍ॅप उघडले. व्हॉट्सअ‍ॅप उघडलेले दिसले की ते झटकन पुढे येऊन त्याच्यावर आपला पडदा धरते आणि म्हणते, ‘पिन सांगा’. पिन बरोबर आला की पडदा बाजूला. मागे व्हॉट्सअ‍ॅप उघडेच असते. कुलूप कुठेच नाही. आहे तो पडदा धरून उभा असलेला एक माणूस.

हे काम करायला त्याला परवानग्या लागतात. कोणते अ‍ॅप चालू आहे हे कळण्यासाठी ‘वापराची माहिती’ ही एक. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून ती वेगळी मागावी लागते. दुसऱ्याच्या अंगावर पडदा धरण्यासाठी ‘इतर अ‍ॅपच्या वर दिसण्याची’ ही दुसरी. आणि जास्त चपळाईने काम व्हावे म्हणून पुष्कळ अ‍ॅप लॉक तिसरी मागतात, ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’. ही परवानगी मुळात ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशांसाठी आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा, त्यांच्या वतीने बटण दाबायचे, अशी ती सोय. म्हणजे ही परवानगी ज्याला दिली त्याला तुमच्या पडद्यावरचे वाचता येते आणि तुमच्या वतीने दाबता येते. फोनमध्ये याहून मोठी किल्ली सामान्य माणसाच्या हातून दुसऱ्याला देता येत नाही.

आता ताळेबंद मांडा. मिळाले काय, एक पडदा. दिले काय, घरच्या सगळ्या किल्ल्या. आणि या पडद्याला भोके किती! बॅटरी वाचवण्यासाठी पुष्कळ फोन मागे चालणारी अ‍ॅप बंद करून टाकतात, म्हणजे पडदेवाला झोपी गेला. सेटिंगमध्ये जाऊन त्याला सक्तीने थांबवता येते. फोन ‘सेफ मोड’मध्ये चालू केला की बाहेरून उतरवलेले एकही अ‍ॅप चालत नाही, त्यात हा पडदेवालाही आला, फोनबरोबर आलेली गॅलरी आणि मेसेज मात्र उघडतात, आणि तिथूनच त्याला काढूनही टाकता येते. ही युक्ती आपल्या कॉलनीतल्या आठवीच्या पोरांना ठाऊक आहे, मी त्यांच्याकडूनच खात्री करून घेतली. शिवाय अ‍ॅपला कुलूप आणि त्याची सूचना बंद फोनच्या पडद्यावर पूर्ण मजकुरासह झळकते आहे, असे तर मी रोज बघतो. काही लाँचरमध्ये ‘अ‍ॅप लपवा’ असते, तेही असेच. चिन्ह पानावरून जाते, अ‍ॅप सेटिंगच्या यादीत जसेच्या तसे दिसते.

आमच्या खात्यात एक शब्द पहिल्या दिवशी शिकवतात: फेल-सेफ. जुना हाताचा सिग्नल आठवा. हात आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे या. ‘सिग्नल पडला’ असे आपण अजून म्हणतो ते त्या झुकण्यावरूनच. तो हात केबिनमधून तारेने ओढतात. समजा तार तुटली. तर वजनाच्या जोरावर हात आपोआप आडवा होतो, गाडी थांबते. काहीही बिघडले तरी यंत्रणा सुरक्षित बाजूलाच पडली पाहिजे, हा त्यातला नियम. बाहेरचे अ‍ॅप लॉक बिघडले तर कोणत्या बाजूला पडते? पडदेवाला झोपला की दार सताड उघडे. ज्या कुलपाचा बिघाड म्हणजे उघडे दार, त्याला आम्ही कुलूप म्हणत नाही.

आणि खोटा पडदेवाला आला तर? चोरही हेच तंत्र वापरतात. तोच पडदा, तीच अ‍ॅक्सेसिबिलिटी. ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘गाडीचे चलन’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी फाइल येते, शेवटी एपीके लिहिलेली. ती बसवली की संदेश वाचण्याची नाहीतर अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. २०२१ मध्ये सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने ड्रिनिक नावाच्या अशाच प्रकाराबद्दल इशारा दिला होता; तो आयकराच्या परताव्याचे सोंग घेऊन यायचा. अ‍ॅप लॉकच्या निमित्ताने आपल्या घरच्या माणसांना ‘परवानगी मागितली की हो म्हणायचे’ अशी सवय लागली, तर त्या सवयीची किंमत केव्हातरी मोजावी लागते. मला या विषयात खरी भीती वाटते ती याच सवयीची.

मग कुलूप लावायचेच नाही का? लावायचे, पण घराबरोबर आलेले.

सर्वांत आधी फोनचे स्वतःचे कुलूप. सहा आकडी पिन, जन्मतारीख सोडून. तेच मुख्य दार आहे, आणि फोनमधला मजकूर त्यावर अवलंबून असलेल्या किल्लीने सांकेतिक केलेला असतो. ते न लावता आतल्या अ‍ॅपला कुलपे लावणे म्हणजे गेट उघडे ठेवून खोलीला कडी घालणे. त्याबरोबर, बंद पडद्यावर सूचनांचा मजकूर दिसू नये, ही सेटिंग. हे दोन केले तरी निम्मे काम झाले.

त्यानंतर अ‍ॅपचे स्वतःचे कुलूप. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अँड्रॉइडवर २०१९ पासून बोटाच्या ठशाचे कुलूप आहे, २०२३ पासून एकेका संवादालाही कुलूप लावता येते. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप उघडतानाच ठसा किंवा पिन मागतात. यूपीआयचा पिन तर आमच्या इंटरलॉकिंगच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. पॉइंट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल उतरतच नाही, तसा जिथे तो पिन लागतो तिथे तो बँकेकडे तपासला जाऊन बरोबर ठरल्याशिवाय पैसे हलत नाहीत. तपासणारा तुमच्या फोनच्या बाहेर बसला आहे, म्हणून ते खरे कुलूप. फक्त तो पिन कोणाला सांगायचा नाही, आणि पैसे ‘येण्यासाठी’ तो कधीच लागत नाही, हे पाठ करा.

त्याच्यापुढे फोनच्या कंपनीची सोय. शाओमी, वनप्लस, रिअलमी यांच्या फोनमध्ये अ‍ॅप लॉक आतच दिलेले असते. सॅमसंगमध्ये ‘सिक्युअर फोल्डर’ आहे, ती खरोखरच वेगळी कुलूपबंद खोली आहे. अँड्रॉइडच्या १५ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२४ पासून, ‘प्रायव्हेट स्पेस’ आली. ती बंद केली की आतली अ‍ॅप थांबतात, त्यांच्या सूचनाही येत नाहीत. सगळ्या फोनवर ती मिळेलच असे नाही. आयफोनवर त्याच वर्षी १८ व्या आवृत्तीत अ‍ॅपला चेहऱ्याचे किंवा ठशाचे कुलूप लावण्याची सोय झाली. यापैकी कशालाही बाहेरच्या माणसाला किल्ली द्यावी लागत नाही.

लहान मुलाच्या हातात फोन द्यायचा असेल तर ‘अ‍ॅप पिनिंग’ वापरा. एकच अ‍ॅप समोर अडकून राहते, बाहेर यायला पिन लागेल असे ठरवता येते. गाडीत शेजारचा प्रवासी ‘जरा एक फोन करू का’ म्हणाला तरी हीच सोय.

आणि एक कुलूप, जे जवळपास कोणीच लावत नाही: सिमचे. फोन चोरीला गेला तर चोर फोनशी झटापट करत बसत नाही. सिम काढतो, दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. सिमला पिन लावलेला असेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये पिनशिवाय चालत नाही. लावण्याआधी आपल्या कंपनीकडून सुरुवातीचा पिन विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकते आणि पीयूके नावाचा दुसरा आकडा लागतो. फोन गेलाच तर तक्रार नोंदवून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तो बंद करता येतो, आणि पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करायचा. लगेच म्हणजे सकाळी नाही, त्याच क्षणी.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. तंत्राचा नाही, माणसांचा आहे.

आपल्याच कॉलनीत एका निवृत्त गार्डच्या पत्नी आहेत. काका गेल्यापासून एकट्या राहतात. नाव सांगत नाही, पण सांगायला त्यांची परवानगी घेतली आहे. मुलगा दूरच्या शहरात, आईची काळजी करणारा. कोणी आईला फसवू नये म्हणून त्याने तिच्या फोनवर पैशाच्या अ‍ॅपला बाहेरचे कुलूप लावले आणि पिन स्वतःकडे ठेवला. पैसे द्यायचे असले की तिने त्याला फोन करायचा, त्याने पिन सांगायचा, मग रात्री तो बदलायचा. एका संध्याकाळी औषधाच्या दुकानात त्या उभ्या, मुलगा बैठकीत, फोन उचलत नाही. मागे रांग. दुकानदार ओळखीचा म्हणून ‘उद्या द्या’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, हे कुलूप चोरासाठी आहे की माझ्यासाठी? तिसाव्या वर्षापासून ह्यांच्या पगाराचा हिशेब मी ठेवलाय.’

मंडळी, या प्रश्नाला माझ्या खात्यात उत्तर आहे. रिले रूमला दोन कुलपे असतात. एकाची किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसऱ्याची सिग्नल मेंटेनरकडे. मी इंजिनीयर असलो तरी मास्तरच्या किल्लीशिवाय आत जाऊ शकत नाही, आणि मास्तरही माझ्या माणसाशिवाय जाऊ शकत नाही. उघडल्याची नोंद रजिस्टरला होते. यात कोणाचा अपमान नाही, कारण दोघांकडे किल्ली आहे आणि दोघांनाही नियम माहीत आहे. अपमान केव्हा होतो? एकाच बाजूला किल्ली असते तेव्हा.

आम्ही तिघांनी व्हिडिओ कॉलवर बसून ते बदलले. बाहेरचे कुलूप काढले. फोनला काकूंनी स्वतः पिन निवडला, मुलाने विचारला नाही. पेन्शनचे खाते यूपीआयपासून वेगळे केले, आणि यूपीआयला दुसरे छोटे खाते जोडले, ज्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे राहतात. फसवणूक झालीच तर तेवढ्यापुरती. दर्शनी पान सोपे करून गोठवले, त्यावर मुलाचा फोटो. आणि त्यांनी एकमेकांना शब्द दिला: अनोळखी माणसाने फोनवर काहीही उतरवायला सांगितले, तर काकू ‘मुलाला विचारून सांगते’ म्हणून फोन ठेवतील, आणि आईने विचारले तर मुलगा वैतागणार नाही. हे शेवटचे कलम काकूंनी घातले, आणि मला वाटते संपूर्ण व्यवस्थेत तेच सर्वांत पक्के कुलूप आहे. फसवणूक करणारे लोक म्हाताऱ्या माणसाच्या अज्ञानापेक्षा संकोचावर जास्त भरवसा ठेवतात. मुलाला विचारले तर तो रागावेल, या भीतीवर.

तेव्हा घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला फोन उघडून सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ शोधावी आणि तिथे कोणकोणती बाहेरची अ‍ॅप चालू आहेत ते बघावे. ज्याचे नाव ओळखता येत नाही, किंवा ज्याला ही किल्ली का दिली ते आठवत नाही, ते बंद करावे. मग तसेच ‘सूचना वाचण्याची परवानगी’ आणि ‘इतर अ‍ॅपच्या वर दिसणे’ या दोन याद्या बघाव्यात. दहा मिनिटांचे काम आहे. त्यानंतर गावी फोन लावावा, आणि पुढच्या सुट्टीत आईवडिलांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून, त्यांचे दर्शनी पान लावून द्यावे. किल्ली मात्र त्यांच्याच हातात ठेवावी.

विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी सात ते आठ मी मांडवाच्या डाव्या बाजूला टेबल टाकून बसणार आहे. फोन घेऊन या, शक्यतो घरातल्या ज्येष्ठांनाही घेऊन या. पिन मला सांगू नका, मी विचारणारही नाही. तुम्ही टाका, मी तोंड फिरवतो.

 गणपती बाप्पा मोरया!